तीन नंबरचा उसना कोट

खरं सांगू का मित्रांनो, हे मी लिहिणारच नव्हतो. दोनदा सुरुवात केली आणि दोनदा सोडून दिली. कारण ही गोष्ट सांगायची म्हणजे एका भल्या माणसाला बघून मी नाक मुरडलं होतं, तेही सांगावं लागणार. कोटाला कुठं नाक असतं, असं म्हणून माझी सुटका नाही. पण शेजारच्या हँगरवरचा जाड्या काही ऐकेना. "लिहून टाक रे एकदाचं," म्हणाला. "नाहीतर मलाच रोज ऐकवत बसशील." तेव्हा लिहितोय. जमेल तसं, सुचेल तसं.

मी एक जुना काळा कोट आहे. कुणा एकाचा नाही. आठ दिवसांच्या सहलीला माणसं घेऊन जाणारी एक मोठी पांढरी बोट आहे. तिच्यावर जेवणाच्या हॉलला लागून कपडेघर आहे. तिथल्या कपाटात आम्ही सहा उसने कोट टांगलेले असतो. कॉलरच्या आत पांढरी पट्टी, पट्टीवर नंबर. माझा तीन, जाड्याचा सहा. नंबर वाढतो तसं माप वाढतं, म्हणजे जाड्या काय प्रकरण असेल ते तुम्हीच समजा.

आता कोट उसना कशाला लागतो, ते सांगतो. बोटीवर रोज दुपारी प्रत्येक खोलीच्या दाराखालून एक कार्ड आत सरकतं. आज रात्रीच्या जेवणाला काय घालायचं, ते त्यावर लिहिलेलं असतं. कधी "साधे कपडे चालतील", कधी "नीटनेटके या". आणि शेवटच्या संध्याकाळी "सूट किंवा कोट". त्या दिवशी कोट नसलेल्या पुरुषाला हॉलमध्ये पाऊल टाकता येत नाही. नियम म्हणजे नियम. मग कुणी कोट घरी विसरलेला असतो, कुणाकडे मुळात नसतोच. एका पठ्ठ्याने तर टी-शर्टवर टाय छापलेला दाखवून विचारलं होतं, "हे चालेल ना?" अशा सगळ्यांना आमच्याकडे पाठवतात.

माझा जन्म गणवेशांच्या कारखान्यात झाला. फारसं कौतुकाचं काही नाही. कापडाचे चाळीस थर एकावर एक ठेवून एकदम कापले आणि त्यातला एक थर मी. पण खांद्याचं पॅड बसवणारी बाई शेजारणीच्या कुठल्याशा बोलण्यावर इतकी हसली, की माझा डावा खांदा जरा वरच राहिला. अजून आहे. मला तो आवडतो. माझ्यात हसू शिवलंय असं वाटतं.

बोटीवर आलो तेव्हा मी काय चमकायचो! पहिलीच संध्याकाळ आठवते. एका काकांनी मला घातलं आणि त्यांच्या बायकोने डोळे मोठे करून म्हटलं, "अगंबाई! तुम्ही असे दिसता तर रोज का नाही दिसत?" एका तरुणाने मला घालून मुलीला लग्नाचं विचारलं. तिने हो म्हणेपर्यंत त्याचं काळीज माझ्या आतल्या खिशावर नुसतं धडधडत होतं. एकाने मला वरून घातलं आणि खाली पोहायची चड्डी. टेबलाखाली कोण बघतंय! पण केक कापायला त्यालाच उभं केलं. आणखी एकाने मांजरीसाठी म्हणून तळलेला मासा खिशात टाकला आणि विसरला. चार दिवसांनी तो सापडला. चार दिवस माझ्याशी जाड्यासुद्धा बोलत नव्हता.

बिचारा जाड्या. त्याच्या मापाचा माणूसच कधी आला नाही. सगळे कोट संध्याकाळी हॉलमध्ये जायचे आणि हा कपाटात एकटा. मी परत आलो की मोठ्या हौसेने विचारायचा, "आज काय काय झालं रे?" मग मी सुरू. दिवे कसे होते, सूप कसलं होतं, कोण कुणावर रुसलं. तो मध्येच काही सांगायला जायचा, "आज इथे कपाटात ना..." की मी म्हणायचो, "थांब रे, माझं होऊ दे." त्याचं सांगायचं राहूनच जायचं. माझं काही संपायचं नाही.

असं होता होता मी चढलो. डोक्यात हवा गेली म्हणतात ना, तसं. मला वाटायला लागलं, मी कुणी मोठा आहे. अंगाला अत्तरांचे वास, आजूबाजूला चांदीचे काटे-चमचे. माणसं आत येताना मी त्यांची नखं बघायला लागलो.

मग एके दिवशी एका साहेबांनी वाढप्याला बोलवायला झटक्यात हात वर केला आणि माझी उजवी बगल उसवली. टर्र! चार बोटं घालता येतील एवढं भोक. कपडेघर सांभाळणारी मावशी आहे. तोंडात सतत टाचण्या धरून बोलते म्हणून बोटीवर सगळे तिला टाचणीमावशीच म्हणतात. ती म्हणाली, "शिवते बाळा, शिवते." पण त्या आठवड्यात पडदे आले, पुढच्या आठवड्यात चादरी. मी राहिलो तो राहिलोच. शेवटी जेवणाच्या हॉलचे प्रमुख कपाट तपासायला आले. या गृहस्थांच्या भुवयासुद्धा इस्त्री केल्यासारख्या दिसतात, म्हणून पाठीमागे नाव इस्त्रीसाहेब. त्यांनी माझा हात उचलला, बगल बघितली आणि म्हणाले, "याचे आता फडके करा. पितळी कठडे पुसायला." मावशीने खडू घेतला आणि माझ्या पाठीवर पांढरी फुली मारली.

माझ्या पाठीवरची फुली मला दिसत नव्हती. जाड्याला दिसत होती. पण तो म्हणाला, "काही नाही रे, जरा धूळ लागलीये." असा आहे तो.

ही सहल माझी शेवटची होती. बोट किनाऱ्याला लागली की दुसऱ्या दिवशी कात्री.

शेवटची संध्याकाळ आली. घड्याळात साडेसहा वाजून गेले होते. हॉलची दारं बरोबर सातला बंद होतात. चार आणि पाच नंबर केव्हाच गेले होते. एवढ्यात एक काका धापा टाकत आले. हाफ पँट, निळ्या रबरी चपला आणि मोठमोठ्या फुलांचा टी-शर्ट. मागोमाग काकू. त्या मात्र नटून-थटून, निळ्या रेशमी झग्यात.

"ताई, कोट द्या हो एखादा," काका म्हणाले. "आणि पँट. आणि शर्ट. आणि जमलं तर बूट."

टाचणीमावशीने तोंडातल्या टाचण्या काढून हातात घेतल्या. म्हणजे प्रकरण गंभीर. "काका, तुमचे कपडे कुठे गेले?"

"बॅगेत."

"आणि बॅग?"

"खाली. बोटीच्या पोटात."

आता काकूंचा बांध फुटला. "अहो, काय सांगू तुम्हाला! यांची बेकरी आहे. जन्म गेला पहाटे तीनला उठण्यात. कुठलीही गोष्ट वेळेवर म्हणून करायची नाही, आधीच करून मोकळं व्हायचं! यांना उद्या जेवायला बोलावलं तर हे आज हात धुऊन बसतील. कार्डावर लिहिलं होतं, शेवटच्या दिवशी बॅगा दाराबाहेर ठेवा. ठेवल्या! दुपारी बाराला! मी केस धुवायला गेले तेवढ्यात!"

"लिहिलंच होतं तसं," काका पुटपुटले.

"जेवणानंतर ठेवा, असं लिहिलं होतं. पुढची ओळ कोण वाचणार? माझा झगा इस्त्रीला दिला होता म्हणून वाचला, नाहीतर मी काय चादर गुंडाळून येणार होते?"

बोटीवर काम करणाऱ्या कुणालाही हे ठाऊक आहे. शेवटच्या दिवशी हजारो बॅगा खाली जातात आणि एकदा ढिगात गेलेली बॅग किनाऱ्यावरच दिसते. मावशी म्हणाली, "काका, मग असं करा ना. वरच्या मजल्यावर साधं जेवण आहे. तिथे हाफ पँट चालते."

काका खाली बघत बोलले, "जेवायचं नाहीये हो मला. पोरीला बघायचंय."

तेव्हा कळलं. त्यांची मुलगी याच बोटीच्या बेकरीत काम करते. आठ वर्षांपूर्वी ती घरची बेकरी सोडून निघाली, तेव्हा काका तिला म्हणाले होते, "बोटीवर पाव? डुलत्या भट्टीत पाव फुगतो का कधी?" तेवढंच म्हणाले. आणि ते आठ वर्षं घरात तसंच पडून राहिलं. फोन आला की काकू बोलायच्या, काका नुसते मान हलवायचे. आता ती बोटीच्या बेकरीची प्रमुख झाली होती. शेवटच्या जेवणात सगळी स्वयंपाकी मंडळी हॉलमधून रांगेने फिरतात, लोक हातरुमाल फिरवतात, टाळ्या वाजवतात. आज पहिल्यांदा ती रांगेत सगळ्यात पुढे चालणार होती. तिनेच आईबाबांना तिकीट पाठवलं होतं आणि एवढंच म्हटलं होतं, "बाबा, शेवटच्या जेवणाला हॉलमध्ये असा. बाकी मला काही नको."

"आठ दिवस तिचा पाव खातोय," काका म्हणाले. "एक शब्द बोललो नाही. म्हटलं, त्या दिवशी बोलू."

मावशीने मागे वळून घड्याळ बघितलं. मग ती वाऱ्यासारखी कामाला लागली. स्वयंपाकघरातल्या माणसांचे जादा कपडे तिच्याकडेच असतात. तिने एक काळी पँट काढली, पांढरा ढगळ सदरा काढला, काळे बंद बूट काढले. काका पडद्याआड जाऊन बदलून आले. पँट लांब होती, मावशीने खाली बसून टाचण्या लावल्या. काका बुटांकडे बघून म्हणाले, "हे तर आमच्यासारखेच. भट्टीपुढचे."

"वरून साहेब नि आतून तेच पिठाचं पोतं!" काकू म्हणाल्या, पण डोळे पुसत.

आता कोट. एक नंबर काकांच्या कोपरापाशीच अडकला. दोन नंबर दंडावर. मित्रांनो, ते दंड म्हणजे काय सांगू! चाळीस वर्षं कणीक मळून मळून नुसते ओंडके झालेले, आणि मनगटापासून कोपरापर्यंत तव्या-पत्र्यांच्या भाजल्याच्या रेषाच रेषा. आणि इथे मी ते केलं, जे सांगायची मला लाज वाटते. मी मनात म्हटलं, हे हात माझ्या बाह्यांत नकोत. फडकं झालो तरी चालेल.

मावशीने जाड्याला काढलं. जाड्याला! माझ्या कपाटातल्या सगळ्या वर्षांत पहिल्यांदा तो हँगरवरून खाली आला. काकांचे दंड सहज आत गेले. पण कोट गुडघ्यापर्यंत, बाह्या बोटांच्या पुढे वीतभर. काकू हसता हसता खुर्चीत बसल्या. "अहो, यात आपण दोघं मावू!"

काकांनी हात हलवून पाहिला. चमचासुद्धा धरता येईना. मावशीने हळूच जाड्याला उतरवलं आणि परत हँगरवर लावलं. दोन मिनिटं. तेवढंच त्याच्या वाट्याला आलं.

आता राहिलो मी. पाठीवर फुली असलेला.

उजवा हात आत गेला. मुंढ्यापाशी, म्हणजे बाही खांद्याला जोडतात तिथे आला. मी म्हटलं, आता अडकणार. पण अडकला नाही! माझी ती उसवलेली बगल होती ना, तिथेच त्या दंडाला जागा मिळाली. डावीकडे मात्र घट्ट होतं. मावशीने कात्री घेतली आणि चार टाके सोडले. काका आत आले. माझा वर राहिलेला डावा खांदा त्यांच्या खांद्यावर असा बसला, की जणू मापच घेतलं होतं. पोत्यांच्या ओझ्याने त्यांचाही डावा खांदा जरा वर राहिला होता.

"काका, फक्त एक करा," मावशी म्हणाली. "हात वर करू नका. बगला उघड्या आहेत. पुढचं कापड जुनं झालंय, सगळं जाईल."

"नाही करणार."

दारात इस्त्रीसाहेब. सातला चार मिनिटं कमी. त्यांनी काकांना डोक्यापासून बुटांपर्यंत बघितलं. मग काका पुढे गेले आणि साहेबांना माझी पाठ दिसली. "एक मिनिट. या कोटावर फुली आहे."

मागून मावशी म्हणाली, "तुम्हीच मारायला लावलीत साहेब."

"हा कोट बाद आहे."

"आहे. पण बेकरीतल्या आपल्या पोरीचे बाबा आत जायचेत आणि ते या एकाच कोटात मावतात."

इस्त्रीसाहेबांनी वरच्या खिशातला घडीचा रुमाल काढला, ज्याची घडी मी कधी मोडलेली पाहिली नव्हती, आणि माझी पाठ पुसली. जोरजोरात. "आता कुठे आहे फुली?" म्हणाले. "बसा काका. खांबाजवळचं टेबल."

जेवण आलं. काका जेवले नाहीत. हात मांडीवर ठेवून शाळेतल्या पोरासारखे बसले होते. त्यांच्या अंगाला पिठाचा वास नव्हता, साबणाचा होता, पण त्याखाली कुठेतरी भाजलेल्या पावाचा होताच. हाडांतच मुरलेला. मला तो आवडायला लागला होता.

मग दिवे लखलखले. स्वयंपाकघराचं दार उघडलं. पांढऱ्या टोप्यांची रांग बाहेर आली. लोक उठून रुमाल फिरवायला लागले. सगळ्यात पुढे ती. हातात मोठी टोपली, टोपलीत वेणीसारखा विणलेला सोनेरी पाव. ती हसत होती, पण नजर टेबलामागून टेबल शोधत होती.

ती आमच्याकडे बघून पुढे गेली. परत वळली, परत पुढे गेली. मग मला उमगलं. काकू खांबाआड झाल्या होत्या, आणि काका दिसूनही ओळखू येत नव्हते. तिने बाबांना जन्मात कधी कोटात पाहिलेलंच नव्हतं. इतक्या काळ्या कोटांत ती पिठाने माखलेला माणूस शोधत होती. तिचं हसू कमी कमी होत चाललं. रांग दाराकडे वळायला लागली.

"अहो, हात करा ना!" काकू ओरडल्या.

"फाटेल गं. ताईंना शब्द दिलाय."

"अहो, फाटू दे!"

मित्रांनो, कोट म्हणून जन्माला आलेल्या कुणीही अशी इच्छा केली नसेल. पण मी केली. मी म्हटलं, फाटू दे काका. करा हात वर.

काकांनी दोन्ही हात वर केले. टर्रर्र! दोन्हीकडून, बगलेपासून कंबरेपर्यंत. शेजारच्या टेबलावरच्या बाईचा रुमाल हवेतच थांबला. माझ्या काळ्या कापडातून तो पांढरा सदरा लख्ख बाहेर आला, बाह्या कोपराच्या मागे सरकल्या आणि ते भाजलेले हात दिव्यांच्या उजेडात वर. ती थांबली. तिने कोट नाही ओळखला, ते हात ओळखले.

रांग मोडायची नसते. तिने मोडली. दाराशी उभे असलेले इस्त्रीसाहेब छताकडे बघायला लागले.

"बाबा! मला वाटलं, तुम्ही आलाच नाहीत."

"मी दुपारपासूनच तयार होतो."

"बारापासून!" काकू म्हणाल्या. "सगळ्या बोटीच्या आधी! नंतर सांगते तुला."

"आणि हा कोट कुणाचा?"

"उसना आहे. आता फाटकाही आहे. तू ती टोपली ठेव आधी, हात भरून येतील."

काकांनी पावाचा एक तुकडा तोडला. अंगठ्याने दाबला, वास घेतला, सावकाश चावला. ती समोर उभी. बेकरीची प्रमुख वगैरे काही नाही, निकाल लागायच्या दिवशीची पोर.

"खालून आणखी दोन मिनिटं भाजायला हवा होता," काका म्हणाले.

"हो बाबा."

काकांनी दुसरा तुकडा तोडला. मग तिसरा. आणि मग अगदी हळू, तिला आणि मलाच ऐकू जाईल असं बोलले, "फुगतो गं. डुलत्या भट्टीतसुद्धा फुगतो."

तिने माझ्या फाटक्या कुशीतच तोंड लपवलं. तिच्या टोपीचं पीठ माझ्या कॉलरला लागलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे, मावशी दार उघडते न उघडते तोच काका हजर. मला घडी घालून, छातीशी धरून. "ताई, शब्द मोडला मी. फाडला." मावशीने मला उलटंपालटं केलं. "काका," ती म्हणाली, "सगळ्या कोटांची बगल तुमच्यासारख्यांना अडते. याला मी कळी घालते." कळी म्हणजे बगलेत जादा कापडाचा तुकडा. मुंढा मोकळा होतो, हात कितीही वर करा. तिने दोन्हीकडे घातल्या, जुन्या काळ्या पँटच्या कापडाच्या. कंबरेपर्यंत शिवण घातली. तोंडात टाचण्या धरून गाणं गुणगुणत होती. इस्त्रीसाहेब आले, बघून गेले, आणि फडक्यांबद्दल कुणी काही बोललं नाही. आता माझ्या पट्टीवर तिनाच्या खाली बारीक दोऱ्याने लिहिलंय: "जाड दंड".

आणि मित्रांनो, माणसं येतात हो! गवंडी येतात, सुतार येतात, गाड्या ओढणारे येतात. जन्मात पहिल्यांदा कोट घालतात. मी आता नखं बघत नाही.

तुमच्याही घरी कुठेतरी माझ्यासारखा एखादा असेल, बगल उसवलेला, कोपऱ्यात पडलेला. त्याच्यावर फुली मारायच्या आधी एकदा सुई-दोरा घेऊन बसा. चार टाके उसवले तेव्हाच घातले तर फार बरं. खिसे रिकामे करून ठेवा, मासा तर अजिबात ठेवू नका. आणि कोट हँगरवर टांगा, खुर्चीच्या पाठीवर नको. खांदे दुखतात.

झालं माझं लिहून. शेजारी जाड्या गप्प आहे. त्या संध्याकाळची ती दोन मिनिटं तो अजून कुणाजवळ बोललेला नाही. दंड आत आले तेव्हा त्याला कसं वाटलं, काढलं तेव्हा कसं वाटलं, मी कधी विचारलंच नाही. मी आपला माझंच सांगत होतो.

जाड्या, ऐक. कधीतरी तुझ्या मापाचा माणूस त्या दारातून येईल. तू हॉलमध्ये जाशील, दिवे बघशील, सूप सांडवून घेशील आणि परत येशील. त्या दिवशी तू बोल. पहिल्या चमच्यापासून सांग, पाहिजे तेवढा वेळ घे. मी मध्ये एक शब्द बोलणार नाही. आणि तोवर कशाला थांबायचं? ती दोन मिनिटं आजच सांग. हा बघ, मी गप्प बसलो.